मोठ्या अक्षरांचे वाचक

मोजणीदार हे त्याचे खरे नाव नव्हे. जमिनीला साखळी त्याने कधी लावली नाही, बांधावरची भांडणे कधी सोडवली नाहीत. तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर बसायचा आणि वेबपानांसाठी कोड लिहायचा. वाचक पान किती खाली सरकवतो, कुठे थांबतो, कुठून परत फिरतो, हे मोजण्याची युक्ती त्याने बसवली तेव्हापासून कचेरीत सगळे त्याला मोजणीदार म्हणू लागले. त्यालाही ते आवडले. आईबापांनी दिलेल्या नावापेक्षा कमावलेले नाव माणूस जास्त मिरवतो.

त्याची कला काय होती ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे जे झाले ते तिच्याच पायी झाले.

पडद्यावरचे पान बोटाने सरकवले की ब्राउझर एक खबर सोडतो. सरकले, सरकले, सरकले. एका झटक्यात अशा कितीतरी खबरा उठतात, टाळी वाजल्यावर कणसांवरची पाखरे उठावीत तशा. नवशिका त्यातल्या प्रत्येक खबरीमागे धावतो. दर खेपेला पान कुठवर आले ते मोजतो, काही रंगवतो, काही लपवतो, आणि पान बिचारे ठेचकाळत, धापा टाकत खाली उतरते. मोजणीदार धावत नसे. तो खबर ऐकून ठेवी. पडदा पुढचे चित्र काढायच्या बेतात आला की एकदाच मान वर करून बघे: कुठवर आलो? तेवढ्यावर त्याचे भागे. त्याची पाने काच तडकलेल्या जुन्या फोनवरसुद्धा मेण लावलेल्या खणासारखी सरकत. दुसऱ्या कचेऱ्यांतली पोरे त्याला विचारायला येत, तेव्हा तो म्हणे, "ऐका सगळं. पण सारखं उठू नका."

हा दम त्याच्या अंगात काकांकडून आला होता.

काका कालव्याच्या फाटकावर नोकरीला होते. पाणी सोडायचे, पाणी बंद करायचे, आणि मधल्या वेळात पाण्याकडे बघत बसायचे. त्यांच्या धाकट्या भावाने दुसरा संसार थाटला आणि पहिल्या संसारातले पोर काकूच्या ओटीत टाकून तो निघून गेला. ते पोर म्हणजे हा. काका-काकूंना मूलबाळ नव्हते. काकूने त्याला आईसारखे वाढवले असे लोक म्हणत, काकू म्हणे, "आईसारखं कशाला? आई कंटाळते, मी कंटाळले नाही."

नोकरीतून मोकळे झाल्यावर काका लिहायला लागले. दर गुरुवारी त्यांचा एक लेख वर्तमानपत्रात येई. सदराचे नाव होते 'कालव्याकाठी'. त्यात कालव्याच्या काठाने राहणारी, येणारी-जाणारी माणसे असत. काकांची लिहिण्याची तऱ्हा त्यांच्या चालण्यासारखी होती. आधी फाटकाच्या चाकावरचा गंज, मग त्या गंजाचा हाताला येणारा वास, मग पलीकडून पोहत आलेले एखादे कुत्रे, मग कुत्र्याच्या मागोमाग आलेला माणूस, आणि त्या माणसाच्या पोटातली गोष्ट अगदी शेवटच्या चार ओळींत. ते वाचणाऱ्याला वाटेत बसवत, पाणी पाजत आणि मग मुक्कामाला नेत. मोजणीदाराला याच वर्तमानपत्रात नोकरी लागली ती पुढे, आणि ती स्वतःच्या अकलेवर. पण नोकरी लागल्यावर पहिली तक्रार आली ती काकांचीच.

"लेका, माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही. अक्षरं आहेत का मुंग्या?"

तेव्हा वर्तमानपत्र कागदावरून हळूहळू उतरून फोनवर चालले होते. मोजणीदाराने एका दुपारी बसून काकांसाठी एक बटण केले. त्यावर लिहिले 'मोठी अक्षरे'. ते दाबले की मूळ पान जागच्या जागी राही आणि त्याच्यावर एक पांढरी पेटी पसरे. पेटीत जाहिरात नाही, चित्र नाही, नुसता मजकूर, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत. मग पेटीच्या आतल्या आत तो मजकूर वरखाली सरकवायचा. कचेरीतल्या पोरांनी तिचे नाव ठेवले म्हाताऱ्यांची पेटी. त्यांच्यापैकी कोणी ते बटण पुन्हा दाबून पाहिले नाही. त्यांचे डोळे चांगले होते.

वर्षे गेली. वर्तमानपत्र कागदावर जवळजवळ दिसेनासे झाले. मालकीण आणि संपादक एकच होत्या, त्यांना सगळे नुसते बाई म्हणत. बाई उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या मागच्या भिंतीकडे बघणाऱ्या. त्यांनी एके दिवशी मोजणीदाराला बोलावले.

"काय ठेवायचं आणि काय काढायचं यावरून इथं रोज भांडणं होतात. प्रत्येकाला आपलंच पोर देखणं. मला मतं नकोत, मला मोजून दे."

त्याने मोजून दिले. प्रत्येक लेखासाठी पडद्यावर एक उभा पट्टा. जिथवर वाचक पोचले तिथवर लाल, जिथे कोणी पोचले नाही तिथे निळा. आणि फसवाफसवी होऊ नये म्हणून त्याने एक नियम घातला. पान उघडून जो काही वेळ ते सरकवतच नाही, तो उठून गेला असे धरायचे. कितीतरी लोक पान उघडे टाकून चहा करायला जातात. त्यांना वाचक कसे म्हणायचे? बाईंना तो नियम फार पटला.

काकांचा पट्टा आला तो वर टिकलीएवढा लाल आणि खाली सगळा निळा.

बाई म्हणाल्या, "घरचं माणूस आहे म्हणून परक्याच्या हातून सांगत नाही. तूच जा. दोन महिने बघू म्हणावं. महत्त्वाचं वर घ्या म्हणावं."

तो गेला. काकांचे घर कालव्याच्या भरावाखाली होते; दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला काकूच्या कुंड्या. त्याने लॅपटॉप उघडून पट्टा दाखवला. काकांनी चष्मा पुसून घातला आणि निळ्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"तिथं कोणी गेलं नाही, काका."

"कोणीच?"

"दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जातात थोडे. मग परततात."

"म्हणजे ती फाटकात अडकलेल्या नावेची गोष्ट... तो बाप जो नाव सोडवून रिकामी घेऊन गेला... ते कोणी वाचलंच नाही?"

"नाही."

काकू आतून म्हणाली, "मी वाचलं की."

"तू गप गं. तुला सांगितलं होतं मी आधी." काकांनी बोट तसेच ठेवले होते, ताप बघावा तसे. "यंत्र चुकत नाही ना, लेका?"

मोजणीदाराला आपल्या हाताचा अभिमान होता. तो म्हणाला, "मी बनवलंय, काका."

काकांनी निळ्यावरचे बोट उचलून घेतले. पोराने बनवले म्हटल्यावर विचारायचे काय?

त्या दोन महिन्यांत काका जे लिहीत ते बघवत नसे. पहिल्याच ओळीत बुडालेला माणूस. पहिल्याच ओळीत रक्त. गंज गेला, कुत्रे गेले, हाताला येणारा वास गेला. एकदा त्यांनी लेखाची सुरुवात 'थांबा!' अशी केली. काकूने तो वाचून फोन खाली ठेवला.

"अहो, हे कुणावर ओरडलात?"

"वाचकांवर."

"ते काय घर जळत असताना झोपलेत?"

"ते पळून जातात गं. त्यांना दारातच धरायला पाहिजे."

"बाहीला धरून ओढणाऱ्याच्या दुकानात मी तरी कधी गेले नाही," काकू म्हणाली आणि झाडांना पाणी घालायला उठली.

पट्टा निळाच राहिला. मोजणीदार दर गुरुवारी बघे. जरा लाल खाली उतरला असता तर त्याने बाईंपुढे हातापाया पडून सदर वाचवले असते. तसे तो मनाशी म्हणे. पट्टा उतरला नाही आणि सदर बंद झाले. काकांबरोबर आणखी तिघांची सदरे गेली: वाद्ये दुरुस्त करणारे एक गृहस्थ, एक म्हाताऱ्या भाषांतरकार बाई आणि एक निवृत्त नर्स. सगळ्यांचे पट्टे एकाच रंगाचे होते, त्यामुळे कोणाला अन्याय झाल्यासारखे वाटले नाही.

लिहिणे थांबले हे काकांनी सोसले असते. पण त्यांचे सांगणेही थांबले. किराणा दुकानापुढच्या बाकड्यावर ते संध्याकाळी बसत, तिथे पूर्वी त्यांची एक गोष्ट दिवे लागेपर्यंत चाले. आता ते सुरू करत, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, आणि डोळा जरा रस्त्याकडे वळला की म्हणत, "असो. तर तो माणूस मेला." लोक हसत. त्यांना वाटे म्हातारा गंमत करतो.

पुढे एका रविवारी सकाळी मोजणीदाराच्या घरी त्याच्या सासूबाई राहायला आल्या होत्या. बायको बाजारात गेली होती. तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. मोजणीत त्याने नवे काहीतरी बसवले होते: त्या क्षणी कुठल्या लेखावर कोण आहे ते ठिपक्यांनी दिसे, वाचक खाली गेला की ठिपका खाली उतरे, आणि वाचक उठून गेला असे ठरले की ठिपका करडा होई. समोरच्या खुर्चीत सासूबाई मांडीवर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या.

"काय वाचताय, आई?"

"तुमच्या काकांचं. पुलावरच्या शिंप्याचं. जुनंच आहे, नवं कुठं देतात ते हल्ली? का हो बंद केलं?"

"वाचक नव्हते."

"मग मी कोण? खुर्ची?"

तो हसला. हसता हसता त्याने सहज त्या लेखावर कोण आहे ते पाहिले. एकच ठिपका होता, अगदी वर, मथळ्यापाशी. म्हणजे याच त्या. तो बघत राहिला. सासूबाईंचे बोट काचेवरून वर गेले, पुन्हा गेले. ठिपका हलला नाही. एका ठिकाणी त्या खुदकन हसल्या. ठिपका मथळ्यापाशीच. काही वेळाने तो करडा झाला. मोजणीच्या मते सासूबाई उठून गेल्या होत्या. सासूबाई समोर बसून पदराने चष्मा पुसत होत्या.

"आई, कुठवर आलात?"

"संपत आलंय. मधे मधे बोलू नका हो जावईबापू, शिंपी आता पुलावर येतोय."

मोजणीदार उठला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पांढरी पेटी होती. बोटाच्या पेराएवढी अक्षरे होती.

त्याला समजायला क्षणही लागला नाही, आणि ते जास्त वाईट होते. त्याने कान लावला होता तो पानाला. पान सरकले की त्याला खबर मिळे. पण मोठ्या अक्षरांच्या पेटीत पान सरकतच नाही, ते खाली निपचित पडून असते. सरकतो तो पेटीतला मजकूर. आणि पेटीत काही सरकले तर ती खबर पेटीपाशीच राहते; पेटीवर बोट टेकवल्याची खबर बाहेरच्या पानापर्यंत वर चढते, सरकल्याची चढत नाही. हे त्याला पाठ होते. दुसऱ्या कचेऱ्यांतल्या पोरांना त्याने हेच बजावून सांगितले होते. फक्त आपण एके काळी अशी एक पेटी केली आहे हे तो विसरला होता. कचेरीत ती कोणी उघडत नव्हते. मोजणी बसवल्यावर ज्यांनी ज्यांनी ती तपासली, त्यांचे सगळ्यांचे डोळे चांगले होते.

"शिंपी गेला," सासूबाई टॅबलेट खाली ठेवत म्हणाल्या. "काय माणूस होता! तुम्ही असे पांढरे का पडलात?"

त्याच दुपारी त्याने पेटीला कान लावला. काम इतके थोडे होते की करताना त्याला लाज वाटली. मग तो वाट बघत राहिला. त्या आठवड्यात काकांच्या जुन्या लेखांचे पट्टे एकेक करून लाल होत गेले, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या चार ओळींवर लाल सर्वांत गडद होता. तिथे लोक थांबत होते. संपले तरी लगेच जात नव्हते. काकांचे जवळजवळ सगळेच वाचक मोठ्या अक्षरांचे होते, आणि बाकीच्या तिघांचेही.

तो बाईंकडे गेला.

"बाई, मोजणी चुकली होती."

"किती?"

"काकांच्या बाबतीत सगळीच. त्या तिघांच्याही." त्याने पेटीचे सांगितले. बाई त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"मग अजून काही झालेलं नाही."

"बाई, आपण दुरुस्ती छापूया. दोन ओळी. त्यांची सदरं वाचक नाहीत म्हणून काढली, आणि वाचक होते."

"काय छापूया? आमच्या मोजणीदाराला मोजता येत नव्हतं? जाहिरातदार याच मोजणीकडे बघून आपल्या दारात उभे आहेत. मोजणी गेली की ते गेले, ते गेले की मी गेले, आणि माझ्याआधी तू. मग काय काकांच्या फाटकावर बसशील? तिथंसुद्धा आता मोटर बसवलीय म्हणे."

"निदान काकांचं सदर परत..."

"त्या जागी आता 'शांत झोप कशी लागेल' येतं. लोक शेवटपर्यंत वाचतात."

"झोप लागत नसेल त्यांना."

बाई पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या. "बघ, किती छान बोलतोस. जा, आजपासूनचं बरोबर मोज. झालं ते झालं."

तो बाहेर आला. राजीनाम्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. आला, जिन्यापर्यंत बरोबर चालला, आणि तिथे त्याला घराचे हप्ते, बायकोच्या जुन्या दुखण्याची औषधे आणि आपले कमावलेले नाव दिसले. चुकलेल्या मोजणीदाराला कोण दारात उभे करणार होते? जिना उतरेपर्यंत त्याने ठरवले की निदान काकांना सांगायचे. काकांना कळले की ते पुन्हा लिहू लागतील. बाकीचे आपण मनात ठेवू.

काका ओट्यावर बसले होते. काकू धुतलेले कपडे घड्या घालत होती. त्याने उभ्यानेच सगळे सांगितले. पेटी कशी, पान कसे, खबर कुठे अडते, हे तो समजावू लागला तेव्हा काकांनी हात वर केला.

"कसं ते राहू दे. किती ते सांग."

"जवळजवळ सगळे, काका. शेवटच्या ओळीपर्यंत. तिथं थांबायचेसुद्धा."

 काकांच्या तोंडावर हळूहळू असे काही आले की काकू घडी अर्धवट ठेवून बघत राहिली. ते उठले, ओट्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"नावेचीही? तो बाप..."

"नावेची सगळ्यात जास्त."

"ऐकलंस का गं?" काका काकूकडे वळले. "ऐकलंस? गेले होते सगळे." मग त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "छाप, लेका. त्याच जागेवर छाप. फार काही नको. वाचक येत होते, मोजणाऱ्याला दिसले नाहीत, एवढंच. त्या तिघांचीही नावं घाल. तो वाद्यं दुरुस्त करणारा, त्याने तर आपल्या घरावरची पाटी काढून टाकली म्हणे."

मोजणीदार खाली बघत राहिला.

"काय झालं?"

"ते छापता येणार नाही, काका. बाई नाही म्हणतात. माझी नोकरी..."

खांद्यावरचा हात तिथेच होता, पण त्याचे वजन गेले.

"त्या तिघांना तू सांगणार आहेस?"

"त्यांना सांगितलं तर बाहेर फुटेल."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही पुन्हा लिहावं म्हणून. मी तुम्हाला वेगळं पान काढून देतो, माझ्या खर्चानं. कुणाला विचारायला नको. तुमचे वाचक शोधून काढतो."

काका पुन्हा बसले. त्यांनी गुडघ्यावरचा पंचा नीट केला.

"लिहायला मी बसलो नसेन असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "रोज बसतो. चाकाच्या गंजापासून सुरू करतो. एक वाक्य होतं. दुसऱ्या वाक्याला आतून कुणीतरी म्हणतं, पुढे हो, पुढे हो, लोक निघाले. मग मी ओरडायला लागतो. इतकी वर्षं लिहिताना समोर माणूस बसलाय असं वाटायचं मला. तू त्याला उठवून दिलंस. आता सांगतोस तो बसलेलाच होता. असेल. मला नाही दिसत."

"काका, पण आता मोजणी बरोबर आहे."

"हो का? छान झालं." त्यांनी कालव्याकडे तोंड फिरवले. "चारचौघांत खोटा पडलो मी, आणि खरा ठरलो ते या ओट्यावर. दोघांच्या साक्षीनं. त्यात एक तू."

काकू त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आली. येताना नेहमी तिच्या हातात त्याच्यासाठी काहीतरी बांधलेले असे. आज हात रिकामे होते.

"काकू, तू तरी समजून घे."

"समजलं मला. तुझी नोकरी राहायला पाहिजे, कुणाची तरी राहायला पाहिजे." ती कडी उघडत म्हणाली. "ते जेवून जा म्हणाले नाहीत. मग मीही म्हणत नाही."

त्यानंतर मोजणीदाराचे काम पूर्वीपेक्षा चोख झाले. आता त्याला सगळे दिसत होते. दर गुरुवारी सकाळी ठिपके 'कालव्याकाठी'च्या पानावर येत. नवे काही नाही असे पाहून एखादा जुना लेख उघडत, पेटी उघडत, सावकाश खाली उतरत, शेवटच्या ओळीपाशी थांबत आणि मग जात. सवय लागलेली माणसे होती, बंद दुकानापुढे आठवडाभराने पुन्हा एकदा येऊन बघणारी. पण माणूस किती दिवस येणार? प्रत्येक गुरुवारी ठिपके कमी होत गेले. आधी कोणी गेले असते तर त्याला कळले नसते. आता एकेक जाणारा त्याला नीट मोजता येत होता. सासूबाईही दुसरे काहीतरी वाचू लागल्या होत्या.

शेवटी एक उरला. तो मात्र चुकत नसे. गुरुवारी सकाळी यायचा, एकच लेख उघडायचा, नावेचा. सर्वांत हळू तोच उतरायचा. एका परिच्छेदावर रेंगाळायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा, असे वाचायचा की मोजणीदाराला त्याचा श्वास ऐकू यावा. बरेच आठवडे झाले तरी तो येत राहिला तेव्हा मोजणीदाराला राहवले नाही. त्याने काकांच्या घरी फोन लावला. काकूने उचलला.

"काकांना दे ना."

"ते बोलायचे नाहीत."

"मग एवढं सांग. त्यांचा एक वाचक अजून येतो. दर गुरुवारी. आत्तासुद्धा आहे. नावेची गोष्ट वाचतोय, शेवटापर्यंत आलाय."

 मागे कालव्याच्या मोटरीचा आवाज येत होता.

"नावेची?"

"हो."

"अरे, ते हेच असतील. गुरुवार आला की सकाळपासून ओट्यावर फोन घेऊन बसतात, कुणाशी बोलत नाहीत. आत्ताही बसलेत. विचारलं काय करता, तर म्हणतात, कुठं बिघडलं ते बघतोय." मग तिने आवाज खाली केला. "निरोप देऊ का तुझा?"

"नको," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला. त्या आठवड्याची मोजणी दुपारपर्यंत बाईंना द्यायची होती. लेखकाने स्वतःचे लिहिलेले स्वतः वाचले तर ते धरायचे नाही, हाही त्याचाच नियम होता. नावेच्या लेखापुढे 'एक' हा आकडा होता. मोजणीदार त्याच्याकडे बघत बसला. मग त्याने तो खोडून तिथे शून्य लिहिले, आणि मोजणी वर पाठवून दिली.